लाल उजेडात कुंकू दिसत नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लश्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात गेले होते. ग्वाल्हेरची जानेवारीतली दुपार, धुकं अजून पुरतं उठलेलं नाही, चौकात दगडी फरशीवर सतरंज्या अंथरलेल्या पण गारठा सतरंजीतून वर येतोच, आणि आम्ही सगळ्या काठपदरावरून शाली लपेटून, पायात मोजे घालून बसलेल्या. गुलाबदाणीतून पाणी उडालं की दर खेपेला कोणीतरी अंग चोरत होतं. घरची नवी सून अत्तर लावत होती. तिनं माझा हात हातात घेतला, उलटा केला, आणि थांबली. अत्तराची काडी तशीच धरून म्हणाली, "काकू, तुमची बोटं नेहमी अशी होतात का?" मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी पडली होती आणि पेरावर अगदी रेघ मारल्यासारखी हद्द, तिच्या खाली नेहमीचा रंग. मी हात शालीत ओढून घेतला नि म्हणलं, अगं थंडी केवढीये. ती काही बोलली नाही, पुढच्या बाईकडे वळली. पण निघताना जिन्याशी मला गाठून पुन्हा विचारलं. मग निळी पडतात का, नंतर लाल होऊन ठणकतात का, अंगठा पण होतो की फक्त बोटंच?

सगळ्याचं उत्तर हो होतं, फक्त अंगठा सोडून.

घरी येताना रिक्षात तेच डोक्यात फिरत राहिलं, आणि पुढेही बरेच दिवस. बोटं पांढरी पडतात हे मला शाळेपासून माहितीये, त्याचं काही नव्हतं. खटकलं ते हे की आजवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. "अगबाई, किती गार हात तुझे!" हे मात्र आयुष्यभर ऐकलंय, आईकडून, मैत्रिणींकडून, लग्नात होमाशी बसले तेव्हा ह्यांच्याकडून, आणि म्हणणारा प्रत्येकजण म्हणून झालं की हात सोडून देतो. गार लागतो म्हणून सोडतो, त्यात कोणाचा दोष नाही. पण हात धरून ठेवून, उलटा करून, उजेडात बघणारी ही पहिलीच, आणि तिची माझी ओळख जेमतेम वाण घेण्यापुरती.

आमच्या माहेरच्या घरात थंडी हा घरातलाच माणूस होता. ग्वाल्हेरचं जुनं घर म्हणजे दगड, भिंती दगडाच्या, जमीन दगडाची, छतसुद्धा दगडी पट्ट्यांचं. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की ह्याच दगडाला आम्ही दुवा द्यायचो, आणि जानेवारीत रात्रीचं तापमान दोन-तीन अंशांवर उतरलं की तोच दगड दिवसभर गारवा धरून बसायचा. सकाळी न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटायचा. गोवरीचा धूर, बंबाच्या नळीतून येणारी ती ऊब, आणि आम्ही भावंडं शाळेला जायच्या आधी हात पसरून भोवती उभी. आजी ओरडायची, एकदम जवळ नेऊ नका, खाज सुटेल. आणि सुटायचीच. पायाची बोटं लालभडक होऊन सुजायची, रात्री रजाईत ऊब आली की अशी खाजवायची की रडू यायचं. शेजारच्या काकी शलजम उकळून त्या पाण्यात पाय सोडायला सांगायच्या, आजी मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून चोळायची. आजीचं आणखी एक होतं, हातमोजे मागितले की म्हणायची, आधी छाती आणि कान झाक, हात आपोआप गरम होतील, आणि स्वेटरच्या आत आणखी एक बंडी चढवायची. तेव्हा राग यायचा. आता वाचते तर तिचं खरं निघालं, धड उबदार असलं की शरीर बोटांकडे रक्त सोडतं, हे रीतसर तपासून पाहिलेलं आहे.

त्याच घरात आत्या सतार वाजवायची. तिचे हात माझ्यासारखेच. मिजराब घालायच्या आधी ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, कधी काखेत धरायची, मग तार छेडायची. थंडीत डाव्या हाताची बोटं बधिर असली की तार कातडीत कधी रुतली ते कळायचंही नाही, नंतर पडद्यावर रक्ताचा ठिपका दिसायचा, पुसून पुन्हा वाजवायला लागायची. डिसेंबरात हजीऱ्याला, तानसेनाच्या मकबऱ्यापाशी, तानसेन समारोह असतो, तिथं रात्री शालीत गुरफटून बसलेली ती मला आठवते, कलाकार सूर लावताना हात चोळायला लागला की हिचं लक्ष त्याच्या हातांकडे. तिला स्वतःला मात्र हिवाळ्यात बाहेर वाजवायला नकोच असायचं. तिचे शिकवणारे म्हणायचे, बोटं धावत नाहीत, रियाज कमी पडतोय. आणि तिनं ते मानलं. पहाटे चारला उठून त्या दगडी खोलीत आणखी एक तास वाढवला. म्हणजे ज्या गारठ्यानं बोटं अडत होती त्याच गारठ्यात आणखी तासभर. हे आठवलं की आजही मला आत कुठेतरी दुखतं.

ती सून, मी तिला इथं बडोद्याची म्हणते कारण माहेर बडोद्याचं, फिजिओथेरपिस्ट निघाली. नंतर एकदा घरी आली, गजक खात गच्चीवर उन्हात बसलो आणि तिनं मला माझेच हात समजावून सांगितले. बोटांमध्ये स्नायू जवळजवळ नसतातच, बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखाली, पुढच्या हातात असतात, तिथून दोऱ्या ओढल्यासारखे काम करतात. म्हणजे बोटांना स्वतःची ऊब फारशी नाहीच, जी यायची ती रक्तातून. आणि तळहात, तळपाय, बोटांची टोकं इथं रक्ताच्या खास आडवाटा असतात, ज्या उघडल्या की उष्णता बाहेर फेकली जाते आणि मिटल्या की वाचते. थंडी जाणवली की मेंदू म्हणतो आधी हृदय, यकृत, पोट सांभाळा, आणि ह्या वाटा मिटतात. बहुतेकांच्या थोड्या मिटतात. काहींच्या घट्ट मिटतात, नुसता फ्रिजमधला भाजीचा कप्पा उघडला तरी, घाबरलं तरी, आणि मग बोट पांढरं, मग निळं, मग रक्त परत आलं की लाल. पॅरिसच्या मॉरिस रेनॉनं 1862 साली आपल्या प्रबंधात हे लिहून ठेवलं म्हणून त्याला रेनॉ म्हणतात. बायकांत जास्त दिसतं. 1862! मी ते ऐकून गप्पच झाले. इतक्या वर्षांपूर्वी कागदावर आलेली गोष्ट आमच्या घरापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, आणि तीही अत्तराच्या काडीवरून.

मला तेव्हा 2021 चा एप्रिल आठवला. घरात सगळ्यांना ताप, शेजारून मागून आणलेला ऑक्सिमीटर, आणि माझ्या बोटाला लावला की नुसत्या रेघा, आकडाच नाही. ह्यांचा चेहरा उतरला होता. बाहेर ऊन तापलेलं आणि माझी बोटं भीतीनंच गार. गरम पाण्याच्या ग्लासाला हात लावून बसले तेव्हा कुठे 97 आला. यंत्राला बोटातली नाडीच सापडत नव्हती. तेव्हा आम्ही फक्त सुटलो म्हणलं.

आता लाल दिव्याचं.

लेक पुण्याला असते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिनं आठवड्याभरात एक पॅनल पाठवून दिलं, पुस्तकाएवढं, मागं स्टँड, समोर दिव्यांची जाळी. रेड लाइट थेरपी. इथं ग्वाल्हेरच्या मेळ्यातसुद्धा इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला मालिश करणाऱ्या मशिनींच्या रांगेत लाल दिव्याचे पट्टे दिसायला लागलेत, गुडघ्याला बांधा, कंबरेला बांधा, आणि विकणारा पोरगा माइकवर काय वाट्टेल ते बरं करत असतो. म्हणून मी आधी बडोद्याच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, काकू, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात. आमच्या क्लिनिकमधला तो मोठा लाल बल्ब, तो इन्फ्रारेड लॅम्प, तो तापतो, कातडी शेकतो, म्हणजे तुमच्या शेगडीचाच नातेवाईक. हा एलईडीचा दिवा शेकत नाही, शेकायचंच नसतं त्याला. ह्यातला लाल उजेड 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, आणि दुसरे दिवे 850 वाले, ते लागलेले असले तरी बंदच वाटतात कारण तो उजेड डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. बघितलं तर खरंच, जे दिवे मला मेलेले वाटत होते ते स्क्रीनवर फिकट जांभळे पेटलेले.

संध्याकाळी मागच्या खोलीत बसते. ती खोली उत्तरेची, तिथं ऊन कधी येतच नाही, म्हणून मुद्दाम तिथेच. ट्यूबलाइट बंद, पॅनल टेबलावर, त्याच्यापासून वीतभर अंतरावर दोन्ही हात, दहा-पंधरा मिनिटं. पहिल्यांदा लावलं तेव्हा खोली एकदम अनोळखी झाली. भिंतीवरचा चुना लाल, दुधाचा कप लाल, माझी हिरवी काचेची बांगडी चक्क काळी. नखांखाली बोटाचं मांस उजळल्यासारखं दिसतं, दोन बोटांच्या मधल्या पातळ कातडीतून उजेड आरपार येतो. समोरच्या आरशात सहज बघितलं तर कपाळ मोकळं. कुंकू गायब. हात लावून बघितला तर जागेवर आहे, बोटाला लागलं. पण लाल उजेडात लाल रंग दिसतच नाही, कातडी आणि कुंकू एकच होऊन जातात. नंतर दिवा बंद करून ट्यूब लावली की पांढरी भिंत क्षणभर निळसर हिरवी दिसते, डोळे लालाला कंटाळलेले असतात म्हणून.

ऊब वाटते का? खरं सांगायचं तर पहिल्या काही मिनिटांत फार नाही. पॅनल स्वतः थोडं तापतं तेवढंच. पण नंतर बोटांच्या टोकांत एक बारीक ठुसठुस सुरू होते, वेदना नव्हे, रक्त आल्याची जाणीव, जशी पांढरी बोटं परत लाल होताना येते पण तिच्यातला ठणका वजा करून. आणि नंतर शर्टाची बटणं लावताना, सुईत दोरा ओवताना बोटं अडत नाहीत. हे मी खात्रीनं सांगू शकते. पायांना त्याहून कमी फरक, टाचांना जवळजवळ नाहीच, तिथली कातडी जाड, आणि लाल उजेड काही मिलिमीटरच आत जातो. 850 वाला जरा खोल.

मला ह्या उजेडाचा मागोवा घ्यायचा नाद लागला, रात्री रजाईत पडून मोबाइलवर वाचत बसायचे. 1800 साली विल्यम हर्शेलनं लोलकातून सूर्याचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून बघितला, जांभळ्यात कमी, हिरव्यात जास्त, लालात आणखी जास्त. मग त्यानं लालाच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नाही अशा अंधाऱ्या जागी ठेवला, आणि पारा तिथं सगळ्यात वर गेला. न दिसणाऱ्या उबेचा तो पहिला पुरावा. मग डेन्मार्कचा नील्स फिन्सेन, ज्याला 1903 साली उजेडानं कातडीचा क्षय बरा करण्यासाठी नोबेल मिळालं. त्याच्याबद्दल वाचताना मी उठून बसले. तो स्वतः आजारी असायचा, अंगात रक्त कमी, सतत थकवा, आणि राहायचा उत्तरेकडे तोंड असलेल्या घरात. त्याला वाटायला लागलं की आपल्याला ऊन मिळालं तर बरं वाटेल, तिथून सगळं सुरू झालं. उत्तरेच्या खोलीत बसून हे वाचणाऱ्या माणसाला काय वाटेल ते सांगायला नको. मात्र क्षयावर त्याचा जो उजेड कामी आला तो लाल नव्हता, रंगपट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा होता. लाल उजेडाची आत्ताची गोष्ट सुरू होते बुडापेस्टला 1967 मध्ये. एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरनं उंदरांचे केस भादरून त्यांच्यावर रूबी लेसरचा मंद लाल उजेड पाडला, आणि उजेड पडला तिथं केस लवकर उगवले. पुढे त्यानं न भरणाऱ्या जखमांवर तो वापरला.

उजेड आत जाऊन करतो काय, तर पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम हा उजेड शोषतं, आणि त्याला चिकटलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो असं मानतात. ह्याच नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्या शोधाला 1998 चं नोबेल आहे. म्हणजे मिटलेली वाट उघडायला सांगणारा निरोप्या. ऐकायला इतकं जुळतं की माझ्यासारख्या बाईचा लगेच विश्वास बसावा, आणि म्हणूनच जरा थांबून बघायला हवं. रेनॉवर मंद लेसरचे प्रयोग झालेत, त्यात अटॅक, म्हणजे बोटं पांढरी पडण्याच्या खेपा, कमी झाल्याच्या, सौम्य झाल्याच्या नोंदी आहेत, पण ते प्रयोग छोटे, मोजक्या माणसांवरचे, आणि दवाखान्यातल्या लेसरचे. घरातल्या पॅनलला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही ह्यात, प्रमाणाबाहेर उजेड दिला तर परिणाम उलट घटतो. मेळ्यातल्या पोराच्या माइकवर ह्यातलं काहीच नसतं, आणि त्याचा मला राग येतो. कारण समोर गर्दीत उभ्या असतात त्या आत्यासारख्याच बायका, दुखणं अंगावर काढलेल्या, कोणीतरी आपल्याकडे बघतंय एवढ्यानंच पैसे काढणाऱ्या.

बडोद्याच्या सुनेनं मला दिव्याच्या नादात पडू दिलं नाही, हे तिचे उपकार. फोनवर फोन, डॉक्टरकडे गेलात का, गेलात का. शेवटी गेले. डॉक्टरांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि छोट्या भिंगातून कितीतरी वेळ बघत बसले. तिथल्या केसासारख्या रक्तवाहिन्या तेलानं स्पष्ट दिसतात, त्या सरळ, सारख्या, नीट रांगेत असल्या तर बरं, फुगलेल्या, तुटक असल्या तर मागं दुसरा आजार असू शकतो. माझ्या नीट होत्या. मग रक्त तपासलं, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि एएनए, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघणारी तपासणी. हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकी ठीक. आणि मग त्यांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? अर्धशिशीसाठी मी कित्येक वर्षं प्रोप्रॅनोलॉल घेत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. ह्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात, ही त्यांची माहितीतली गोष्ट आहे, आणि ज्याला आधीच रेनॉ आहे त्याला तर जास्तच. स्वतःहून एकदम बंद करायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं, हळूहळू कमी करत दुसरी सुरू केली. लोहाची गोळी वेगळी. थंडीत बाहेर पडताना आधीच मोजे चढवायचे, बोटं पांढरी पडल्यावर नाही. अटॅक आलाच तर हात खांद्यापासून गोल फिरवायचे, रक्त टोकाकडे फेकलं जातं. तेवढ्यानं भागलं नाही तर रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी आहे, ती पुढे बघू.

तर आता माझी बोटं आधीपेक्षा बरी आहेत, आणि कशानं ते मला वेगळं काढता येत नाही. गोळी बदलली, लोह सुरू झालं, आजीची दुसरी बंडी मी पुन्हा घालायला लागले, मकर संक्रांत सरून शिशिर उतरणीला लागला, आणि रोज संध्याकाळी दिवाही होताच. लेक म्हणते दिव्यानंच. हे म्हणतात गोळीनं. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पुरतं पटत नाही. एवढं कळतं की दिव्यासमोरची ती पंधरा मिनिटं मी माझ्या हातांसाठी बसते, त्यात ना भाजी निवडायची ना फोन घ्यायचा, आणि हातांसाठी म्हणून मी आयुष्यात कधी बसले नव्हते. ह्याचंही वजन असेलच काहीतरी. ते मला सोडायचं नाहीये.

पण एक गोष्ट त्या खोलीत बसूनच लक्षात आली आणि तेव्हापासून पिच्छा सोडत नाहीये. लाल उजेडात कुंकू दिसत नाही, तसं पांढरं बोटही दिसत नाही. निळं पडलेलं फार तर जरा गडद वाटेल, निळं नाही. त्या दिव्याखाली कोणाचाही हात ठेवा, भरल्या रक्ताचा, तुकतुकीत, निरोगी दिसतो. माझा अटॅक चालू असतानाही एकदा मुद्दाम हात नेला, बोटं बधिर, आणि दिसायला बाकीच्या हातासारखीच. म्हणजे ज्या उजेडात मी बरं व्हायला बसते त्या उजेडात मी आजारी आहे हे कळणार नाही. जिनं ओळखलं तिनं उघड्या चौकात, ढगाळ का होईना पण दिवसाच्या उजेडात बघितलं. आणि ज्या घरात गार हात असलेल्या मुली आहेत तिथं थेट दिवाच आला तर? दोन-चार हजारांत घरपोच येतो, डॉक्टरकडे नेण्यापेक्षा सोपा. हात बघायचे राहूनच जातील, आधी बंबाजवळ राहिले तसे. म्हणून मी भेटेल त्या बाईला सांगत सुटलेय, की बोटांचा रंग बदलतो का ते बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरच्या समोर बसलं की नेमकी बोटं गुलाबी होतात. टोकांना जखमा होत असतील, एकाच हाताला होत असेल, किंवा चाळिशीनंतर नव्यानंच सुरू झालं असेल तर वाट बघू नका.

आत्या आता आमच्याकडेच असते. सतार खोळीत, बोटं सांध्यांत जराशी वाकलेली. तिलाही दिव्यासमोर बसवलं, काळा चष्मा लावून, डोळे आधीच नाजूक. तिला आवडलं. हात उलटे सुलटे करत राहिली, मग म्हणाली, रियाजाच्या खोलीत हे असतं तर बरं झालं असतं गं. मी तिला रेनॉचं सगळं सांगितलं, पांढरी-निळी-लाल, आडवाटा, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "म्हणजे रियाज कमी नव्हता?" मी म्हणलं, नव्हता आत्या. तिनं मान हलवली आणि विषय बदलला, रात्री मात्र जेवताना पुन्हा तेच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीला फोनवर स्वतः सांगितलं, मला एक रोग होता म्हणे, नाव फ्रेंच आहे. आवाजात हलकेपणा होता का राग होता, मला ठरवता आलं नाही. दोन्ही असावं. ज्यांनी तिला ते ऐकवलं होतं ते आता नाहीत, आणि त्यांनाही कुठे माहीत होतं.

मागच्या आठवड्यात जाऊबाई आल्या होत्या. मोठ्या दिरांचे पाय रात्री गार पडतात, झोप लागत नाही, तुझा दिवा आठ दिवस दे, असं म्हणत होत्या. मी नाही म्हणलं, आणि मला कोणाला नाही म्हणायला जमत नाही हे त्यांना माहितीये म्हणून त्या जरा चमकल्याच. मोठ्या दिरांना जुना डायबिटीस. पाय गार लागतात म्हणजे खरंच गार आहेत, की नसांना कळेनासं झालंय, हे आधी ठरायला हवं, कारण ज्या पायाला चटका कळत नाही त्याच्याजवळ शेगडी, गरम पाण्याची पिशवी, तापणारं काहीही न्यायचं नसतं, आणि दिव्यानं बरं वाटतंय म्हणून तपासणी लांबली तर आणखी वाईट. मी म्हणलं, वहिनी, आधी त्यांना दाखवून या, मीच येते बरोबर. गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून एक नायलॉनचा बारीक दोरा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला, कळलं की सांगा. टाचेवर कळलं, मधे कळलं. उजव्या अंगठ्याखाली त्यांनी तीनदा टेकवला आणि मोठे दीर डोळे मिटून वाट बघत राहिले, म्हणाले, करा ना सुरू. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला होता तो सोडलाच नाही. आता रोज रात्री त्या आरसा घेऊन त्यांचे तळवे बघतात, भेग आहे का, फोड आहे का, आणि सकाळी मला फोन करून सांगतात.